मांजराने कुंडीतलं झाड चावलंय, लाळ गळतेय, आत्ता काय करू? (इंदूर)

सुदामानगरची_नीला | रात्री १०:१२
कुणी जागं आहे का? आमची बटाटी (वय दोन वर्षं, वजन साडेतीन किलो, घरातच असते) तासाभरापासून विचित्र वागतेय. लाळेची तार लागलीये, पंजाने तोंड घासतेय, पाण्याच्या वाटीपाशी जाते आणि न पिता परत येते. हॉलमधल्या गमल्यातल्या झाडाच्या पानाला दातांच्या खुणा दिसल्या, एक कोपरा गायबच आहे. झाड ऑफिसातल्या मैत्रिणीने दिलं होतं, नाव माहीत नाही, मोठी हिरवी पानं आणि मधे पांढरट ठिपके. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन बंद लागतोय. घरी काही देता येईल का?

कोरा_चहा | १०:१५
फोटो टाक आधी. झाडाचा, बटाटीचा नको 😀

सराफ्याचा_खवय्या | १०:१६
कोमट दुधात चमचाभर तूप घालून पाज. आमच्या आजीचा उपाय, विष असेल ते तुपात बसतं आणि खालून निघून जातं. आमच्या कुत्र्याला दोनदा दिलंय, ठणठणीत आहे.

माऊमावशी | १०:१९
नीला, तूप, तेल, मिठाचं पाणी यातलं काहीही पाजू नकोस प्लीज. मांजराच्या नरड्यात जबरदस्तीने पातळ पदार्थ ओतला की तो फुप्फुसात जातो, आणि तेल-तूप तिथे गेलं की न्यूमोनिया. मूळ विष राहिलं बाजूला आणि हे नवीनच दुखणं. उलटी करवायचा प्रयत्नही नको. नेटवर हायड्रोजन पेरॉक्साइड लिहिलेलं सापडेल, ते कुत्र्यांसाठी लिहिलेलं असतं, मांजराच्या पोटाच्या अस्तराला जखमा होऊन रक्त येतं.
सध्या एवढंच कर: तोंडात पानाचा तुकडा अडकला असेल तर काढ, ओल्या फडक्याने ओठ, हिरड्या पुसून घे आणि तिला एका खोलीत बंद ठेव. बाकी फोटो आल्यावर.

सुदामानगरची_नीला | १०:२४
फोटो टाकलाय. पुसलं, त्यात मला दोन बोचकारे मिळाले.

महूचा_पशुवैद्य | १०:३१
नोकरीतून निवृत्त आहे, जागा असतो. फोटोतलं झाड डिफेनबाखिया, नर्सरीवाले डम्ब केन म्हणतात. अळूच्याच कुळातलं. अळू कच्चा खाल्ला की घसा कसा खाजतो? तेच प्रकरण, कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया पानात भरलेल्या असतात, चावताक्षणी त्या जिभेत आणि टाळूत घुसतात. मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन सगळे याच गोत्रातले. लाळ, तोंड घासणं, पाणी न पिणं, एखादी उलटी, हे सगळं यात येतं. त्रासदायक असतं, जिवावर बेतणं क्वचित. जीभ किंवा घसा सुजून श्वासाला अडथळा येतोय का तेवढं बघा. तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर मात्र थांबायचं नाही.
स्वतःहून चाटत असेल तर चमचाभर दूध किंवा दही चालेल, त्यातलं कॅल्शियम त्या ऑक्झलेटला धरतं.
आता मला सांगा. उलटी झाली का, किती वेळा, उलटीत काय होतं? आणि घरात आणखी कुठली झाडं, फुलं, हार, गुच्छ आहेत? एक चावलेलं पान सापडलं म्हणजे तिने तेवढंच खाल्लं असं होत नाही.

सराफ्याचा_खवय्या | १०:३३
म्हणजे दूध चालतं! मी काय वेगळं बोललो होतो?

महूचा_पशुवैद्य | १०:३६
तुम्ही तूप बोलला होता भिया. आणि दूधसुद्धा फक्त या सुयांवर. बाकी विषांना दुधाने काही फरक पडत नाही, उलट घरच्यांना वाटतं इलाज झाला आणि ते झोपतात.

सुदामानगरची_नीला | १०:४३
दोन उलट्या झाल्यात. एक मी पुसली तेव्हा नीट बघितलं नव्हतं. दुसरी आत्ता वॉशिंग मशीनमागे सापडली, त्यात पानाचा हिरवा तुकडा आहे आणि पांढरट-गुलाबी काहीतरी, पाकळीसारखं. रविवारी आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून कार्यक्रम होता, तिथले दोन बुके डायनिंग टेबलावर पाण्यात ठेवलेत. मोठी फुलं आहेत, सहा पाकळ्या, मधे काड्या आणि त्यावर तपकिरी-नारिंगी भुकटी, हाताला लागली की जात नाही ती. आणि आत्ता बघितलं तर बटाटीच्या नाकावर आणि छातीच्या केसांवर तीच भुकटी आहे, मला आधी हळद वाटली.

महूचा_पशुवैद्य | १०:४५
ती लिलियम आहे. आत्ता निघा. सकाळची वाट बघायची नाही, ती बरी दिसायला लागली तरी.
निघण्याआधी दोन मिनिटं: भुकटी ओल्या कपड्याने पुसा, अंग चाटून साफ करताना ती पोटात जाते. बुके सोबत घ्या, उलटीचा तुकडा पिशवीत घ्या, शेवटचं धडधाकट कधी बघितलं ती वेळ कागदावर लिहा.

कोरा_चहा | १०:४७
नीला, पलासियाच्या बाजूला एक डॉक्टर आहेत, रात्री फोन उचलतात आणि मांजरं खरोखर बघतात. नंबर मेसेजमध्ये टाकलाय. आधी फोन करून विचार की शिरेतून सलाइन लावून रात्रभर ठेवायची सोय आहे का. नसेल तर तिथे वेळ घालवू नकोस.

सुदामानगरची_नीला | १०:४९
सोय आहे म्हणाले. पण माझ्याकडे पिंजरा नाही, मिस्टर टूरवर आहेत, ही मांडीवर बसणार नाही.

माऊमावशी | १०:५०
कपड्यांची जाळीची बास्केट असेल ना? खाली टॉवेल, मांजर आत, वर दुसरी बास्केट उलटी ठेव आणि ओढणीने करकचून बांध. रिक्षात मांडीवर घेऊन बस, ओढणी सोडू नकोस.

रामबागचे_काका | ११:२०
सगळा धागा वाचला. एक विचारू? मांजर ही जात उपजत शहाणी. काय खायचं, काय नाही हे तिला कळतं, पोट बिघडलं की गवत खाते, ओकते, मोकळी होते. आमच्या वाड्यात पन्नास मांजरं होऊन गेली, एकालाही सलाइन लावलेलं बघितलं नाही. दोन उलट्यांसाठी रात्री अकराला रिक्षा? आमच्याकडेही एक येते. आमची नाही, येते फक्त.

माऊमावशी | ११:२६
काका, वाड्यात मोगरा, जास्वंद, तुळस होती. या तिन्हींनी मांजराला काही होत नाही. डायनिंग टेबलावर काचेच्या भांड्यात लिलियम होती का? आणि पन्नास होऊन गेली म्हणता, त्यातली किती आपोआप दिसेनाशी झाली? तेव्हा आपण म्हणायचो "गेली कुठेतरी".

ग्वाल्हेरची_सून | ११:३१
हो ना. आमच्या लष्करमधल्या घरीसुद्धा हेच वाक्य. "गेली कुठेतरी."

महूचा_पशुवैद्य | ११:४४
काका, तुमचं म्हणणं कुंपणाबाहेरच्या गवतापुरतं खरं आहे. मांजरं गवत खातातच. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठाने हजारावर मांजरवाल्यांना विचारून बघितलं होतं, तर खाण्याआधी आजारी दिसणारी मांजरं फारच थोडी निघाली आणि खाल्ल्यावर ओकणारी साधारण चौथा हिस्सा. म्हणजे ते औषध म्हणून नाही, रक्तात असलेली सवय म्हणून खातात. जंगलात पोटातले जंत बाहेर काढायला ती सवय कामी आली असावी असं त्यांचं म्हणणं. पण ही सवय गवत आणि लिलियम यात फरक करत नाही. लिलियम हे काही माळव्यात उगवणारं फूल नाही, मांजराच्या शंभर पिढ्यांनी ते पाहिलेलं नाही.
आता हे इतकं वाईट का ते सांगतो. लिलियम आणि डेलिली (हेमेरोकॅलिस), या दोन्हींचा प्रत्येक भाग मांजराची किडनी मारतो. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. नेमकं कुठलं द्रव्य ते अजून शास्त्रज्ञांना वेगळं काढता आलेलं नाही, पाण्यात विरघळतं एवढं ठाऊक आहे. कुत्र्याने हेच खाल्लं तर पोट बिघडून सुटतो, किडनी मांजराचीच जाते. आणि फसवणारी गोष्ट अशी की पहिल्या काही तासांत उलट्या होतात, मग त्या थांबतात, मांजर जरा बरं दिसतं, एखादा घास खातंसुद्धा, घरचे म्हणतात झालं. आतमध्ये किडनीच्या नळ्यांच्या पेशी मरत असतात. दिवस-दीड दिवस ते तीन दिवसांत लघवी आधी जास्त होते आणि मग बंद होते. बंद झाल्यावर माझ्या हातात फार काही उरत नाही. पहिल्या अठरा तासांच्या आत सलाइन सुरू झालं तर बहुतेक वाचतात.

रामबागचे_काका | ११:५०
बरं. हे माहीत नव्हतं कुणाला. रिक्षा मिळाली का पोरीला?

सुदामानगरची_नीला | रात्री १:३५
मिळाली. दवाखान्यात आहोत. रिक्षावाल्याने पूर्ण रस्ता विचारलं की बास्केटमध्ये काय ओरडतंय. डॉक्टरांनी बुके बघितला आणि एक शब्द न बोलता इंजेक्शन भरायला घेतलं. उलटी करवली, त्यात आणखी पाकळी निघाली. पुढच्या पायाचे केस मशीनने काढून सुई लावलीये, हिरवी पट्टी गुंडाळलीये. रक्त घेतलं, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीये ते दाखवणारा आकडा) आत्ता ठीक आहे, म्हणाले आत्ताचा आकडा फक्त तुलनेसाठी, खरं उद्या-परवा कळेल. ४८ ते ७२ तास ठेवणार. मला घरी जा म्हणतायत.

कोरा_चहा | १:३८
जा आणि झोप. आणि दुसरा बुके आधी बाहेर टाक, टेबलपण पूस.

ग्वाल्हेरची_सून | सकाळी ७:०५
रात्री झोप नाही लागली हा धागा वाचून, म्हणून लिहिते. आमच्याकडे निर्माल्याची टोपली देवघराच्या खाली उघडीच असायची. श्रावणात सासूबाई महादेवाला पिवळी कण्हेर आणि धोतऱ्याची फळं वाहतात. आमचा बोका ती फुलं उडवत खेळायचा, सगळ्यांना कौतुक. एकदा कण्हेर चघळली आणि संध्याकाळपर्यंत असा गळून गेला की मान उचलेना. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले ठोके एक पडतो, एक चुकतो. कण्हेरीत हृदयावर काम करणारं द्रव्य असतं म्हणे, पिवळी असो की गुलाबी. वाचला, पण तेव्हापासून निर्माल्याला झाकणाचा डबा. सासूबाईंनी स्वतः आणला, स्टीलचा, वरून वजन म्हणून खलबत्ता ठेवतात.

बाल्कनीबहाद्दर | ७:२२
इंदुरात तर दुभाजकावर कण्हेरच कण्हेर. माझ्या बाल्कनीत सदाफुली, अ‍ॅडेनियम, पानफुटी, कोरफड, जेड, स्नेक प्लांट, दोन अरेका पाम आणि एक सागो पाम आहे. आणि दोन मांजरं. डॉक्टरसाहेब, यातलं काय ठेवू?

महूचा_पशुवैद्य | ८:१०
मांजरं ठेवा 😀
अरेका पाम बिनधास्त. सागो आज काढा. नावात पाम आहे पण तो सायकस आहे, पाम नव्हेच, सायकसिन नावाचं विष असतं आणि ते लिव्हर घालवतं. सगळं झाड विषारी, बिया सगळ्यात जास्त, आणि त्या नारिंगी बिया जमिनीवर पडल्या की मांजराला खेळायला गोटीच मिळते. अ‍ॅडेनियम आणि पानफुटी दोन्ही हृदयावर जातात, सदाफुलीही वाईट, त्यातलं द्रव्य माणसांच्या कॅन्सरच्या औषधात वापरतात म्हणजे जोर समजा. ही तिन्ही गच्चीवर किंवा शेजाऱ्याला, शेजाऱ्याकडे मांजर नसेल तर. कोरफड, जेड, स्नेक प्लांट यांनी उलट्या-जुलाब होतात, लटकवता येत असतील तर लटकवा.

सराफ्याचा_खवय्या | ८:१४
आमच्या गल्लीत लटकवलेल्या कुंडीत झोपणारं मांजर आहे.

माऊमावशी | ८:२०
मांजराला झाड हवंच असतं, त्याला त्याचं झाड द्या. नवरात्रात घटाला गहू पेरतो ना, जवारे, तसेच पसरट डब्यात पेरायचे. आठवड्यात बोटभर वाढतात, माझ्या दोघी गाई चरल्यासारख्या चरतात. एक डबा संपत आला की दुसरा पेरायचा. गवती चहा मात्र नको, आवडतो त्यांना पण पोट बिघडतं.

कोरा_चहा | ८:२६
आमची गणपतीत दूर्वांच्या जुड्या पळवते. बाबा एकवीस मोजून ठेवतात, आरतीपर्यंत सतरा उरतात. बाबांचं म्हणणं बाप्पाच्या वाहनाशी तिचं वैर आहे म्हणून मुद्दाम करते.

झब्बूबाई | ८:४०
विषय निघालाच आहे तर, झाडापेक्षा जास्त मांजरं आपण औषधाने मारतो. अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देणारे किती तरी लोक माझ्या ओळखीत आहेत. मांजराच्या लिव्हरला ती गोळी पचवताच येत नाही, रक्त ऑक्सिजन धरेनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात. आणि कुत्र्यांचं गोचिडाचं औषध, परमेथ्रिनवालं, ते मांजराला लावलं की झटके. डबा एकच, कपाट एकच, रात्रीची घाई.

नवीन_सभासद_वि | ९:०२
एवढा खर्च करण्यापेक्षा सरकारी गाडीला फोन करता येत नाही का? १९६२ वर?

महूचा_पशुवैद्य | ९:१५
१९६२ ही फिरत्या पशुवैद्यकीय गाडीची सेवा, मुख्यतः गाई-म्हशींसाठी. यात मात्र मांजराला दोन-तीन दिवस शिरेतून सलाइन, लघवी मोजणं, रोज रक्त, हे गाडीत होण्यासारखं नाही. महूचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, १९५५ पासूनचं, दिवसा तिथे दाखवता येतं आणि खर्च कमी. पण रात्री अकराला इंदूरहून महू गाठण्यापेक्षा शहरात जो सलाइन लावेल तो बरा.

सुदामानगरची_नीला | दुपारी १२:५०
भेटून आले. बटाटी उठून बसलीये, माझ्या हातून पाऊच खाल्ला, डॉक्टरांच्या असिस्टंटला फिस्कारली. सासऱ्यांचा फोन आला, बरी झालीये तर घेऊन ये, कशाला बिल वाढवायचं. खरं सांगायचं तर बिलाचा आकडा ऐकून मलाही तेच वाटतंय. घरी पाठीत कातडीखाली सलाइन द्यायला शिकवतात ना काही डॉक्टर? तसं चालेल का?

महूचा_पशुवैद्य | १२:५८
आणू नका. काल लिहिलं ना, मधे बरं दिसतं, ते हेच. तिला बरं वाटतंय कारण सलाइन चालू आहे आणि उलट्या थांबल्यात. किडनीवर ताण आला की नाही हे चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांच्या रिपोर्टशिवाय कुणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. कातडीखालचं सलाइन म्हाताऱ्या किडनीच्या मांजरांना रोजचं म्हणून ठीक. इथे शिरेतूनच, जोराने, सलग पाहिजे.
पैशाचं तिथल्या डॉक्टरांशी सरळ बोला. कुठली तपासणी टाळता येईल, रात्रीचा चार्ज कमी होईल का, हे विचारण्यात काही वाईट नाही. सलाइन सोडून काहीही कमी करा.

माऊमावशी | १:०४
सासऱ्यांना सांग, बुके त्यांच्या मित्रमंडळींनीच दिला होता 😌

सुदामानगरची_नीला | १:१०
तसं सांगितलं तर मलाच दवाखान्यात ठेवावं लागेल. बटाटीला तिथेच ठेवते आहे. बोलले डॉक्टरांशी, हप्त्यात द्या म्हणाले.

बाल्कनीबहाद्दर | दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ६:३०
सागो काढला. हातमोजे घालूनही ओरबाडलं. आता हा माळी नेईल की कचरागाडीवाला? आपल्या इंदुरात चुकीच्या डब्यात टाकलं तर गाडीवाला भर चौकात ओरडतो.

कोरा_चहा | ६:३४
ओला कचरा. काटे कापून दे रे, तो हाताने उचलतो.

सुदामानगरची_नीला | रात्री ९:२०
दुसरा रिपोर्ट आला. क्रिएटिनिन पहिल्याइतकंच, युरिया किंचित खाली. लघवी व्यवस्थित होतेय, ट्रेचं वजन करून लिहून ठेवतात तिथे. उद्या अजून एक रिपोर्ट आणि तो नीट आला तर डिस्चार्ज. आठवड्याने परत रक्त तपासायला बोलावलंय. सगळ्यांना काय बोलू कळत नाही, रविवारी पोहे-जलेबी माझ्याकडून, छप्पनवर, जो येईल त्याला.

सराफ्याचा_खवय्या | ९:२२
मी पहिला.

झब्बूबाई | ९:२५
वर तूप घालून देऊ का?

सुदामानगरची_नीला | ९:४१
आणि मूळ प्रश्न राहिलाच, त्या डम्ब केनचं काय करू? मैत्रीण घरी येते, गमला दिसला नाही तर विचारेल.

महूचा_पशुवैद्य | ९:५५
मैत्रिणीलाच परत द्या, मांजराचं कारण सांगून. एकदा तोंड पोळलं म्हणून मांजर परत जाणार नाही अशा भरवशावर राहू नका. आणि कापताना चीक डोळ्याला लागू देऊ नका, माणसालाही झोंबतो.

रामबागचे_काका | १०:१८
डॉक्टरसाहेब, एक खाजगी शंका. आमच्याकडे जी येते, ती कोरफडीचं टोक रोज सकाळी चघळते. वर महिनाभरापासून पोट थोडं ढिलं आहे. ती आमची नाही, पण विचारून ठेवतो.

महूचा_पशुवैद्य | १०:२४
कोरफड उचलून ठेवा, त्या पिवळ्या चिकानेच पोट सुटतं. आठवड्यात थांबलं नाही तर शौचाचा नमुना डबीत घेऊन दवाखान्यात दाखवा, जंतही असू शकतात. वजन किती आहे?

रामबागचे_काका | १०:२९
काल केलं. तीन किलो दोनशे. हिने मांडीवर घेऊन केलं, मग हिचं वजा केलं. हिचं वजन इथे लिहायची परवानगी नाही.